शंका आली की सिग्नल लाल

(बिलासपूर येथील रेल्वे कॉलनीच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी झालेल्या भाषणाचा मजकूर.)





महिनाभरापूर्वी समितीच्या सचिवांनी मला विचारले, "यंदा आरोग्यावर तुम्ही बोलाल का?" मी म्हटले, "अहो, मी सिग्नलचा माणूस. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, वीस-बावीस वर्षे रिले, केबल आणि पॉइंट मशीन यांच्यात गेली. आरोग्यावर बोलायला डॉक्टरांना बोलवा." त्यावर ते म्हणाले, "डॉक्टर दरवर्षी येतात. काय खावे, किती चालावे ते सांगतात. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन मोदकांवर तूप ओततो. तुम्ही त्या दिवशी ऑफिसात त्या रात्रीचा जो हिशोब मांडलात, तोच इथे मांडा." म्हणून आज उभा आहे.

आधीच सांगून टाकतो. हृदयविकार कशाने होतो, तो टाळावा कसा, हा माझा विषय नाही. छातीत त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत आपण इतका वेळ का घालवतो, एवढाच माझा विषय आहे. यात वैद्यकशास्त्र थोडे आणि माणसाचा स्वभाव जास्त आहे. वैद्यकीय भाग मी वाचून आणि डॉक्टर मित्रांना विचारून सांगत आहे, तो तेवढ्याच मापाने घ्यावा.

प्रथम आत काय घडते ते पाहू. हृदय हा पंप आहे, आणि त्या पंपाच्या स्नायूलाही स्वतःला रक्त लागते. ते आणून देणाऱ्या रोहिणीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचलेला असतो. एखाद्या दिवशी तो थर तडकतो, त्या जागी रक्ताची गुठळी जमते आणि पुरवठा बंद पडतो. तिथून पुढे त्या भागातला स्नायू मरू लागतो. तो एका क्षणात मरत नाही, काही तासांत थोडा थोडा मरत जातो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. डॉक्टरांकडे दोन मोठे उपाय आहेत. एक, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. दुसरा, अँजिओप्लास्टी, म्हणजे नळी घालून रोहिणी उघडणे. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण ते जिवंत उरलेला स्नायू वाचवतात, गेलेला परत आणत नाहीत.

वेळेचा फरक किती पडतो? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ साली या इंजेक्शनांच्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. पहिल्या तासात उपचार झाला तर दर हजार रुग्णांमागे ६५ जास्तीचे जीव वाचतात. दुसऱ्या तासात झाला तर ३७. तिसऱ्या तासात २६. इंजेक्शन तेच, रोग तोच. बदलले ते फक्त घड्याळ. शिवाय पहिल्या तासाभरात हृदयाचा ठोका एकाएकी बिघडून माणूस कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तेव्हा माणूस दवाखान्यात असेल तर विजेचा झटका देऊन ठोका परत आणता येतो. घरातल्या पलंगावर असेल तर आपल्या हातात फारसे काही राहत नाही.

आता आपल्या देशातले चित्र पाहा. भारतातल्या ५० शहरांतील ८९ रुग्णालयांमधून २०,४६८ रुग्णांची नोंद करून एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. 'क्रिएट' या नावाने तो ओळखला जातो. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यम काळ निघाला ३६० मिनिटे. म्हणजे निम्मी माणसे सहा तासांनंतर पोहोचली. आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून गुठळीचे इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यम काळ होता ५० मिनिटे. आपण रांग, कागदपत्रे आणि डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडतो. त्यांनी घेतली ५० मिनिटे. ३६० आपल्या बाजूला गेली.

आमच्या खात्यात सिग्नल बिघडला की नुसता दुरुस्त करून भागत नाही. किती वाजता बिघडला, स्टेशन मास्तरांनी किती वाजता कळवले, माणूस किती वाजता पोहोचला, किती वाजता ठीक झाला, हे सगळे लिहावे लागते. मग मिनिटे कुठे गेली ते उघडे पडते. तसाच एक हिशोब मी आमच्या एका मित्राच्या रात्रीचा केला. हे गृहस्थ लोको पायलट. त्यांची परवानगी घेऊन सांगतो आहे. नाव घेऊ नका, एवढे मात्र त्यांनी बजावले आहे.

रात्री ९.३० ला जेवण झाले. ११.१५ ला छातीच्या मधोमध दाटल्यासारखे वाटू लागले. ते उठून बसले, सोडा घेतला, गॅलरीत येरझारा घातल्या. १२.३० ला वहिनींना जाग आली, तेव्हा म्हणाले, "गॅस झालाय." १.१५ ला वहिनी म्हणाल्या, "अहो, जाऊन येऊ या ना दवाखान्यात." उत्तर आले, "अगं, उगाच घाबरू नकोस. सकाळी बघू." २.३० ला घामाने बनियन भिजले, ते बदलले. ३ वाजता वहिनींनी नागपूरला भावाला फोन लावला. त्यांनी चारशे किलोमीटरवरून योग्य तेच सांगितले, "आत्ताच्या आत्ता दाखवा." त्यावर आमचे मित्र म्हणाले, "उजाडू दे." ५.४० ला दोन जिने स्वतः उतरून शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले. ६.०५ ला दवाखाना. ६.१२ ला ईसीजी. ६.४० ला इंजेक्शन.

एकूण ४४५ मिनिटे. त्यातली दवाखान्यातली ३५. जिना, स्कूटर आणि रस्ता मिळून २५. उरली ३८५ मिनिटे, ती घरात गेली. त्यांतल्या पहिल्या ७५ मिनिटांत घरात कोणाला काही माहीतच नव्हते. आणि वहिनींनी "जाऊ या" म्हटल्यानंतर, बंधू-भगिनींनो, २६५ मिनिटे गेली. दवाखाना चार किलोमीटरवर होता.

मित्र वाचले, बाप्पाची कृपा. पण हृदयाचा बराच भाग कमजोर झाला. आज ते ऑफिसातल्या कामावर आहेत, आणि एक जिना चढले की कठड्याला धरून उभे राहतात. ते भित्रे नाहीत, अडाणी तर मुळीच नाहीत. धुक्याच्या रात्री हजारो टनांची मालगाडी घेऊन जाणारा हा माणूस. तब्येत सावरल्यावर मी त्यांना विचारले, "सात तास मनात काय चालले होते?" त्यांनी मोकळेपणाने सांगितले. नंतर मी आणखी चार-पाच जणांना विचारले. उत्तरे इतकी सारखी निघाली की त्यांची यादीच झाली.

पहिले कारण, आपल्या डोक्यातले चित्र. सिनेमात नायिकेचे वडील छातीवर हात ठेवतात, तोंड वाकडे करतात आणि जिन्यावरून गडगडत खाली येतात. आपल्याला वाटते, झटका म्हणजे हा. प्रत्यक्षात बहुतेकदा तो हळू येतो. दुखण्यापेक्षा दाब, जडपणा, आवळल्यासारखे, जळजळ, असे काहीतरी वाटते. कमी होते, पुन्हा वाढते. डावा हात, दोन्ही खांदे, पाठ, जबडा, पोटाचा वरचा भाग, कुठेही जाणवते. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ. काहींना तर छातीत काहीच होत नाही. अमेरिकेत चार लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीनपैकी एकाला आल्या वेळी छातीत दुखत नव्हते. अशा रुग्णांनी दवाखान्यात येण्याआधी सरासरी ७.९ तास घालवले, छातीत दुखणाऱ्यांनी ५.३ तास. आणि रुग्णालयातले मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात २३.३ टक्के, दुसऱ्यात ९.३ टक्के. वय झालेली माणसे, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात असा आडवळणाचा झटका जास्त दिसतो. आपल्या कॉलनीत मधुमेह किती घरांत आहे ते मी सांगायला नको.

दुसरे कारण, गॅस. आपल्या घरांत या शब्दात सगळे काही मावते. ओवा, हिंग, सोडा, इनो, गरम पाणी, प्रत्येकात अर्धा तास. कधी खरोखर ढेकर येऊन बरे वाटते आणि खात्री पटते की गॅसच होता. पण झटक्यातही ढेकर येतात, आणि दुखणे मध्येच कमीही होते. यात फक्त आपणच फसतो असे नाही. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९५५ च्या सप्टेंबरात डेन्व्हरला सुटीवर होते. २३ तारखेला गोल्फ खेळले, जेवणात कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला, दुपारी अस्वस्थ वाटले तेव्हा दोष कांद्याला दिला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. खासगी डॉक्टर धावत आले. तरी सकाळी पत्रकारांना सांगितले गेले ते अपचन. ईसीजी निघाला दुपारी, आणि त्यानंतर त्यांना लष्करी रुग्णालयात नेले. सुदैवाने ते वाचले आणि पुढच्या वर्षीची निवडणूकही जिंकले. जगातला सर्वांत मोठा सरंजाम उशाशी असलेल्या माणसाच्या बाबतीतही पहिला संशय कांद्यावर गेला.

तिसरे कारण, "माझे काय वय आहे?" आमचे मित्र तेव्हा ४६ वर्षांचे होते. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासातून २००७ साली आपल्याकडचे आकडे वेगळे काढले गेले. पहिला झटका येण्याचे वय भारत आणि शेजारच्या देशांत सरासरी ५३ निघाले, इतर देशांत ५८.८. म्हणजे आपल्याकडे ही गाडी जवळपास सहा वर्षे बिफोर टाइम येते. माझ्यासारख्या चाळिशीतल्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

चौथे कारण, लाज. हे कोणी पटकन कबूल करत नाही. "रात्री दीड वाजता शेजाऱ्याला उठवायचे, गाडी काढायला लावायची, आणि डॉक्टरने सांगितले काही नाही, तर?" सकाळी चहाच्या टपरीवर चेष्टा ठरलेली. "काय साहेब, काल भजी जास्त झाली वाटते?" ही चेष्टा आपणच करतो, आणि तिच्या भीतीने दुसरा माणूस पहाटेपर्यंत अंथरुणात घाम पुसत बसतो.

पाचवे कारण, घरातली चर्चा. आपण पत्नीला सांगतो, पत्नी मुलाला, मुलगा पुण्याच्या काकांना, काका त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. जवळचे नातलग लांब, म्हणून आपली फोनची साखळी जास्त लांब. काही अभ्यासांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली आहे. ज्यांनी आधी घरच्यांशी सल्लामसलत केली त्यांना उशीर जास्त झाला, आणि ज्यांचा त्रास सहकाऱ्याच्या किंवा परक्या माणसाच्या नजरेस पडला ते लवकर पोहोचले. विचार केला तर कारण कळते. घरच्यांना रुग्ण गप्प करू शकतो. "तुला काय कळतं, झोप" असे बायकोला म्हणता येते. ऑफिसातल्या बडे बाबूंना म्हणता येत नाही. ते सरळ गाडी मागवतात.

सहावे कारण, नोकरी आणि पैसा. आमचे मित्र म्हणाले, "कार्डावर हार्ट असे एकदा लिहिले गेले की पीएमईत इंजिनवरून खाली उतरवतील. मायलेज बंद. मुलीचे इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष." खासगी नोकरीतल्या माणसाला बिलाची भीती असते. या भीती खोट्या नाहीत, त्यांना हसू नये. पण त्यांचा हिशोब पुरा करावा. लवकर गेलेल्या माणसाचा स्नायू जास्त वाचतो, तो कामावर परततो, त्याचा पुढचा औषधाचा खर्चही कमी. उशिरा गेलेल्याची नोकरीची अडचण टळत नाही, फक्त तिच्यात धाप मिसळते.

सातवे कारण आपल्या भगिनींसाठी. परवाच महालक्ष्म्या झाल्या. आपल्या घरांत सोळा भाज्या, पुरण, पन्नास पानांचा स्वयंपाक. त्या दिवशी एखाद्या ताईंच्या पाठीत भरून आले, जबडा दुखला, धाप लागली, तर त्या काय म्हणतील? "दमले असेन. पंगत उठू दे." आणि आपणही तेच म्हणतो. पुरुषाला निदान बायको "चला" म्हणते. बाईला "चल" म्हणणारा माणूस त्या वेळी पंगतीत पुरणपोळीवर तूप मागत असतो.

आता तुम्ही म्हणाल, कारणे कळली, लक्षणे कळली, झाले. माहिती मिळाली की लोक लवकर जातील. मलाही तसेच वाटत होते. पण हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. अमेरिकेतली २० शहरे निवडली. त्यांतल्या निम्म्या शहरांत १८ महिने जोरदार प्रचार केला, वर्तमानपत्रे, दूरदर्शन, सभा, डॉक्टरांमार्फत समजावणे. 'रिअ‍ॅक्ट' या नावाच्या त्या प्रयोगाचा निकाल २००० साली आला. प्रचार झालेल्या शहरांत रुग्णवाहिका बोलावण्याचे प्रमाण वाढले. पण घरात जाणारा वेळ, प्रचार न झालेल्या शहरांच्या तुलनेत, काही कमी झाला नाही. मी हे वाचले तेव्हा माझ्यातला सिग्नलवाला जागा झाला. माणसाला सगळे माहीत आहे, तरी ऐन वेळी निर्णय होत नाही. मग निर्णय त्या वेळेवर ठेवायचाच कशाला? तो आधी घेऊन ठेवला पाहिजे. आमच्याकडे हेच करतात.

सिग्नलच्या कामात एक मूळ तत्त्व आहे. रुळांतून थोडी वीज सोडलेली असते, ती पलीकडच्या रिलेला उचलून धरते, म्हणजे लाइन मोकळी. तार तुटली, वीज गेली, रूळ तडकला, तर रिले आपल्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. लाइन खरोखर मोकळी असली तरी लाल. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला झाला पाहिजे. गाडी विनाकारण दहा मिनिटे थांबली, चालेल. तिला आम्ही सेफ साइड फेल्युअर म्हणतो. पण लाइन अडलेली असताना हिरवा दिसला, तर ते अनसेफ साइड फेल्युअर, आणि मग चौकशीला वरून साहेब येतात. तसाच नियम लोको पायलटला. सिग्नलचा दिवा विझलेला असेल, नीट दिसत नसेल, तर तो हिरवा असेल असे मानायचे नाही, लाल मानून गाडी थांबवायची. तिथे वादाला जागा नाही.

आपले मन नेमके याच्या उलट बांधलेले आहे. शंका आली की ते हिरवा दाखवते. गॅस असेल, दमणूक असेल, सकाळी बघू. आमच्या मित्रांनी तीस हजार वेळा तरी सिग्नल पाहिले असतील, शंकेचा फायदा एकदाही सिग्नलला दिला नाही. त्या रात्री छातीला मात्र दिला. तेव्हा माझे पहिले सांगणे हे की छातीच्या बाबतीत शंका हाच लाल सिग्नल. झटका आहे की नाही हे आपण घरी ठरवायचे नाही. दाखवायला जायचे की नाही, एवढेच ठरवायचे, आणि ते आज ठरवायचे.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. रेल्वेत गाडी चालवण्याचा अधिकार एका माणसाला, पण थांबवण्याचा सगळ्यांना. रूळ तुटलेला दिसला की की-मॅन साहेबांना विचारत बसत नाही. आधी लाइन सुरक्षित करतो, ६०० मीटरवर एक डेटोनेटर, १२०० मीटरवर तीन, मग कळवतो. आणि गावातल्या एखाद्या पोराने रुळाच्या कडेला उभे राहून कसलेही फडके जोरजोराने हलवले, तरी लोको पायलटने तो धोक्याचा इशारा मानून गाडी उभी केली पाहिजे, असा नियमच आहे. पोराचे वय किती, फडक्याचा रंग कोणता, हे नंतर. आपल्या घरात हा नियम लागू करा. ज्याला त्रास होतो आहे तो लोको पायलट. त्याला पुढे जावेसे वाटणारच. पण घरातल्या कोणीही, पत्नीने, सुनेने, बारा वर्षांच्या नातवाने, फडके हलवले की गाडी थांबली पाहिजे. "मला काही झालेले नाही" हे वाक्य त्या वेळी ऐकायचे नाही. आज रात्री आरती झाल्यावर घरी सगळ्यांनी एकत्र बसून हे ठरवा. कर्त्या माणसाने बाप्पासमोर कबूल करावे, "मला असे झाले तर मी वाद घालणार नाही."

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते थोडक्यात.

छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, अथवा हात, जबडा, पाठ येथे नवा त्रास, पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसूनही थांबला नाही तर निघायचे. सोबत घाम किंवा धाप असेल तर दहा मिनिटांचीही वाट नको. १०८ ला फोन करा, ११२ ही चालतो. रुग्णवाहिका लवकर मिळत नसेल तर शेजाऱ्याची चारचाकी. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, स्कूटरवर मागे बसायचे नाही, जिने उतरायचे नाहीत. खुर्चीत बसवून दोघांनी उतरवावे. अ‍ॅस्पिरिनचा उपयोग मोठा आहे. १७,१८७ रुग्णांवरील १९८८ च्या अभ्यासात त्याने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मात्र अ‍ॅलर्जी, अल्सर, रक्तस्राव असणाऱ्यांना ते घातक ठरू शकते, म्हणून आपल्यासाठी ते योग्य की नाही आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारून कागदावर लिहून ठेवा. जिभेखालची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नका, रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो.

दवाखाना कोणता? ज्या ठिकाणी रात्रीही ईसीजी निघतो आणि हृदयाचा उपचार होतो तो. जवळच्या ओळखीच्या दवाखान्यात आधी जाऊन मग तिथून दुसरीकडे, यात तास जातो. रात्रीची सोय कुठे आहे, ते दिवसा चौकशी करून ठरवा. आपल्या रेल्वेवाल्यांनी हेल्थ युनिटमध्ये विचारून ठेवावे की तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात सरळ जायचे आणि नंतर कसे कळवायचे. उमीद कार्ड, औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावा. पोहोचल्यावर पहिले वाक्य असे बोला, "छातीत दुखते आहे, अमुक वाजता सुरू झाले." नुसते "बरे वाटत नाही" म्हणू नका. पहिला ईसीजी साधा आला आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबा. कधी कधी तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलतो.

आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. हे बोलून शिकता येत नाही. पुढच्या रविवारी समितीने याच मांडवात प्रात्यक्षिक ठेवले आहे. ढोल-ताशा पथकातल्या पोरांनी जरूर यावे, ताल तुमच्या हातात आहे.

समितीला माझी एक विनंती आहे. वर्गणीसाठी आपले कार्यकर्ते रात्री नऊ वाजता दार वाजवतात, तेव्हा कोणाला संकोच वाटत नाही. तेच दार आपल्यासाठी रात्री दोनला उघडले पाहिजे. प्रत्येक ब्लॉकमध्ये गाडी असलेली दोन माणसे ठरवा, त्यांचे फोन नंबर जिन्याच्या भिंतीवर लावा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा, 'रात्री केव्हाही उठवा.' म्हणजे उठवणाऱ्याला लाज वाटणार नाही.

शेवटची विनंती आपणा सर्वांना. पुढच्या वर्षात आपल्यापैकी कोणीतरी रात्री दवाखान्यात जाईल आणि ईसीजी नॉर्मल घेऊन परत येईल. डॉक्टर म्हणतील, स्नायू दुखतो आहे, किंवा खरोखरच गॅस आहे. त्या माणसाची चेष्टा करू नका. आमच्या खात्यात सेफ साइड फेल्युअरबद्दल कोणी हसत नाही, व्यवस्था काम करते आहे याची ती खूण असते. त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि म्हणा, "बरे केलेत गेलात." तुम्ही हे म्हणत असताना शेजारच्या खोलीत दुसरा कोणी ऐकत असेल. त्याची रात्र अजून यायची आहे, आणि तेव्हा त्याला तुमचे हे वाक्य आठवेल.

 आता आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!